पहाटे 3 चा गजर लावू नका

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक निरोप फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: झोपेत जाग आली, डोळे उघडे आहेत, पण हात-पाय हलत नाहीत आणि छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय, तर एक, हा लकव्याचा पहिला झटका समजा. दोन, श्वास बंद पडून माणूस जाऊ शकतो, म्हणून सगळी ताकद लावून उठा. तीन, पहाटे 3 ला बाहेरची बाधा अंगावर येते, उशाशी विळा ठेवा. चार, ज्याला भीती वाटत नाही त्याच्यासाठी ही सिद्धी आहे. रोज 3 चा गजर लावा, उठून तासभर बसा, मग उताणे पडून हलू नका. आत्मा शरीराबाहेर निघतो आणि स्वप्न हवं तसं चालवता येतं.

अनुभवाचं वर्णन बिनचूक आहे, तेवढं आधी मान्य करू. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. असं होतं, आणि पुष्कळांना होतं. 2011 मध्ये 35 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सर्वसाधारण लोकांपैकी 7.6 टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी 28.3 टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता. गडबड आहे ती निरोपाने काढलेल्या अर्थात आणि सुचवलेल्या उपायांत.

लकव्यापासून सुरुवात करू. घोळ नावातच आहे. ‘स्लीप पॅरालिसिस’ हे नाव ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट किनियर विल्सन यांनी 1928 मध्ये दिलं आणि पॅरालिसिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोंड वाकडं झालेला माणूस येतो. पण इथे मेंदूची रक्तवाहिनी तुंबलेली नसते की फुटलेली नसते. झोपेचं चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं आणि त्यात स्वप्नांचा टप्पा येतो, त्याला रेम झोप म्हणतात. या टप्प्यात मेंदूच्या बुंध्यातून निघालेला आदेश मज्जारज्जूपर्यंत जातो, तिथे ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं स्नायूंच्या चेतापेशींना गप्प बसवतात. त्यामुळे स्वप्नात बैल मागे लागला तरी आपण खाटेवरून उठून पळत सुटत नाही. ही सोय रोज रात्री प्रत्येकाच्या शरीरात चालू होते. स्लीप पॅरालिसिसमध्ये इतकंच घडतं की जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप मागून उघडतं. मधला वेळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा.

खरा लकवा वेगळा दिसतो. तो बहुधा एका बाजूचा असतो, बोलणं अडखळतं, तोंड वाकडं होतं आणि उठून बसल्यावरही हात लुळाच राहतो. असं असेल तर विळा, लिंबू, मालिश काही न करता 108 ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिसरा प्रकार कमी ऐकिवात असतो: सकाळी पूर्ण जाग आहे, भास नाहीत, पण दोन्ही पाय तासन्‌तास उचलत नाहीत, आणि आदल्या दिवशी भरपूर अंगमेहनत किंवा रात्री पोटभर भात-गोडधोड झालेलं. यात रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असू शकतं. त्याची रक्ततपासणी आणि ईसीजी लगेच व्हायला हवा.

आता श्वास. रेम झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात, पण श्वासपटल काम करत राहतं आणि डोळेही हलतात. श्वास उथळ असतो, तरी पुरेसा असतो. माणूस घाबरून छाती फुगवायला जातो, बरगड्या साथ देत नाहीत, आणि नेमकी तीच ओढाताण ‘कोणीतरी छाती दाबतंय’ अशी जाणवते. म्हणजे सगळी ताकद लावून उठा हा सल्ला दाब वाढवणाराच आहे.

त्या क्षणी करायचं ते याच्या उलट. खोल श्वास ओढू नका, जसा चालला आहे तसा चालू द्या आणि फक्त उच्छ्वास मोजा, एक ते दहा. डोळे मिटून घ्या, खोलीत शोधाशोध करू नका. भास नजरेला काहीतरी सापडण्याची वाटच पाहत असतो. मनात एकच वाक्य ठेवा: स्नायू अजून झोपलेत, मिनिटात उठतील. हातपाय झाडायला गेलात तर भीती चढते, त्यामुळे हलवायचंच असेल तर अंगठ्याचं टोक किंवा जीभ, एवढंच. आणि तेही जमत नसेल तर सोडून द्या. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की झोपेत घुसमटल्यासारखा हुंकार ऐकू आला तर नावाने हाक मारून खांदा हलवायचा. स्पर्शाने बहुतेक वेळा सुटका होते.

सुटल्यावर लगेच त्याच कुशीवर पडून डोळे मिटणं ही सर्रास होणारी चूक. मेंदू रेमच्या उंबरठ्यावरच असतो आणि पाच मिनिटांत तोच प्रकार दुसऱ्यांदा होतो. उठून बसा, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, चार-पाच मिनिटांनी कुशीवर झोपा.

पहाटे 3 चं कोडं सोपं आहे. रात्री 10 ला आडवा झालेला माणूस पहिल्या प्रहरांत गाढ झोपेत असतो. स्वप्नांचे टप्पे रात्र सरेल तसे लांबत जातात. 3 ते 6 मध्ये रेम जास्त, म्हणून त्यातून अर्धवट जाग येण्याची शक्यताही तेव्हाच जास्त. रातपाळी करून सकाळी 8 ला झोपणाऱ्या दीपनगर वीज केंद्रातल्या कामगाराला हेच भरदुपारी होतं. बाधेला काय शिफ्टचं वेळापत्रक ठाऊक असतं?

विळ्याने काही होत नाही. झोपेत हात लागून रक्त निघेल, एवढंच.

पण ‘बाहेरचं’ या शब्दावर थांबायला हवं, कारण इथे नुकसान दुसऱ्याचं होतं. धोक्याची सूचना देणारी मेंदूची यंत्रणा जागी आणि समोर कोणी नाही, अशा वेळी मेंदू चेहरा पुरवतो, आणि तो ओळखीचाच पुरवतो. जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला छातीवर म्हातारी बसते. आपल्याकडे मुंजा, आसरा, हडळ. सातपुड्याच्या पट्ट्यात तर एखाद्या विधवेचं किंवा शेजारणीचं तोंड दिसतं आणि सकाळी भगत तिला डाकीण ठरवून मोकळा होतो. नंदुरबार जिल्ह्यात अशा बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवणं आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं किंवा मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. भासात दिसलेला चेहरा हा साक्षीपुरावा नव्हे.

चौथा मुद्दा अर्ध्या सत्याचा आहे, म्हणून जास्त चिवट. स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं याला ल्युसिड ड्रीम म्हणतात आणि ती खरी, प्रयोगशाळेत नोंदलेली गोष्ट आहे. झोपेत हात हलत नाहीत पण डोळे हलतात, याचाच उपयोग करून 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी स्वप्न पाहणाऱ्याकडून डोळ्यांची ठरलेली डावी-उजवी खूण नोंदवली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे दाखवलं. दोन्ही अवस्थांत जाग आणि रेम एकमेकांत मिसळतात, इथवर नातं आहे. फरक असा की ल्युसिड ड्रीममध्ये तुम्ही स्वप्नाच्या आत जागे होता, तर स्लीप पॅरालिसिसमध्ये स्वप्न तुमच्या खोलीत शिरतं. डेनिस आणि पोएरिओ यांच्या 2017 च्या अभ्यासात स्लीप पॅरालिसिसचा संबंध खराब झोप आणि ताणाशी दिसला. ल्युसिड ड्रीमचा तसा दिसला नाही. सख्खी भावंडं समजण्याइतकं हे नातं जवळचं नाही.

आणि आत्मा बाहेर निघण्याचं? 2002 मध्ये ओलाफ ब्लांके यांच्या चमूने अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःकडे पाहतोय असं वाटलं. शरीर कुठे आहे याचा हिशेब तो भाग ठेवतो. रेममध्ये स्नायूंकडून खबर येणं थांबलं की हिशेब चुकतो. तरंगल्यासारखं, घरघर ऐकू आल्यासारखं होतं. (कूलर चालू असेल तर घरघर त्याची की आतली, तेही कळत नाही.)

आता गजराचा खरा घोटाळा. 1992 मध्ये जपानमधल्या संशोधकांना प्रयोगशाळेत मुद्दाम स्लीप पॅरालिसिस घडवून आणायचा होता. त्यांनी काय केलं? लोकांना रात्री मध्येच उठवलं, काही काळ जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. त्यात भर म्हणून उताणे झोपणं, जे या अनुभवाशी पुन्हा पुन्हा जोडलेलं आढळतं. निरोपातली ‘सिद्धीची साधना’ म्हणजे हीच कृती, रोजच्या रोज. महिनाभर केलीत तर स्वप्नावर ताबा येईल न येईल, झोपेचं खोबरं नक्की होईल.

ल्युसिड ड्रीमची हौसच असेल तर झोप न मोडणारा रस्ता आहे. उशाशी वही ठेवून आपोआप जाग आल्यावर स्वप्न लिहा. दिवसातून आठ-दहा वेळा एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. झोपताना मनाशी घोका की स्वप्न पडलं की मला ओळखू येईल. फिट येणाऱ्यांनी, नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येणं), बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) किंवा भासांचा आजार असणाऱ्यांनी आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी गजराच्या वाटेला जाऊच नये.

प्रतिबंधाची मुख्य गोष्ट कंटाळवाणी आहे: उठण्याची वेळ एक ठेवणं, रविवारीसुद्धा. केळीच्या पट्ट्यात हे बोलणं सोपं, पाळणं अवघड. शेतीपंपांना एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, आणि मधरात्री मोटार सुरू करायला मळ्यात जावंच लागतं. अशा आठवड्यात दोघांनी रात्री वाटून घ्याव्यात, एकाने सलग झोपावं. तुटलेली झोप दुपारी भरून काढताना 20-30 मिनिटांवर थांबा. मे महिन्यातली कूलरसमोरची दोन तासांची उताणी झोप हा या त्रासाचा आवडता मुहूर्त आहे. शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी. दारूने पहिल्या प्रहरात रेम दबतं आणि पहाटे उसळून येतं. डिप्रेशनच्या गोळ्या अचानक बंद केल्यावरही तसंच होतं, त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

कुशीवर झोपायचं तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवा, उताणं होताच टोचतो. धाब्याच्या छतावर किंवा अंगणात खाटेवर झोपत असाल तर पायथ्याची दोरी ताणून घ्या. ढिल्या खाटेत मध्ये झोळ पडतो आणि कुशीवरचा माणूस अर्ध्या तासात पाठीवर घरंगळतो.

आठवड्यात अनेकदा होत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल तर सिव्हिलला मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात दाखवा. झोपायचीच भीती बसली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे. दवाखान्यात जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, प्रकार झाला तेव्हा पाठीवर होतो की कुशीवर, आदल्या दिवशी कामाची पाळी कुठली होती, आणि त्या रात्री मध्ये कितीदा उठावं लागलं.