व्यवसाय: इतर

गेल्या महिन्यात केवायसी अपडेट करा म्हणून बँकेचा तिसरा मेसेज आला तेव्हा शेवटी हाफ डे टाकून गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नाव, पत्ता, पॅन सगळं सटासट टाइप केलं आणि व्यवसायापाशी येऊन थांबल्या. "काय करता?" म्हटलं, खाजगी नोकरी. "ते झालं हो, पण काय म्हणून?" आता इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण मी सांगायला लागलो की बघा, पर्चेस माझ्याकडे, थोडं एचआर, वेबसाइटवरचा मजकूर मीच लिहितो, ऑडिट आलं की फायली मीच लावतो, प्रिंटर अडला तर मलाच बोलावतात, शिवाय साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ... बाईंनी हात वर केला. मागे अकरा माणसं उभी. "इतर घालूं?" म्हणाल्या. मी मान डोलावली तर स्क्रीनवर आणखी एक चौकोन उघडला, 'इतर असल्यास तपशील द्या', आणि त्यात अक्षरं मावतात तीस! बाईंनी माझ्याकडे न बघता 'किरकोळ कामे' असं टाइप करून एंटर मारला.

तसा मी मुळात जिऑलॉजीवाला, हे आता मलाही अधूनमधून आठवून घ्यावं लागतं. आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे तेव्हा खाणींचा जोर, एकाआड एक घराच्या दारात लोनवरचा ट्रक, धुळीने केळीची पानंसुद्धा तांबडी, आणि पोरगा दगडाचं काहीतरी शिकला म्हणजे त्याचं आयुष्य मार्गी लागलं असा गावात सगळ्यांचा समज, त्यात माझाही. जून २०११ ला एका खाणीवर लागलो. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही तेच केलं. म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून माझं एकूण करियर १५ महिने. मध्ये काही खाणी परत सुरू झाल्या, पण तोवर मी कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला चिकटलो होतो. २०१८ मध्ये कोर्टाने एकदम ८८ लीज रद्द केली तेव्हा आपण किती दूरदृष्टीचे असं मला पहिल्यांदा वाटलं. ते आठवडाभर टिकलं, मग हॉटेलवाल्याने ऑफ सीझन म्हणून तिघांना घरी बसवलं त्यात मी होतो.

पण हॉटेलात शिकलो खूप. चार्टरने रशियन यायचे, त्यामुळे रशियन भाषेत मला एक वाक्य अस्खलित येतं, 'गर्याचेय वदी न्येत', म्हणजे गरम पाणी नाही. कॅश बंद करायला शिकलो. इलेक्ट्रिशियन सणाला गावी गेला की फ्यूज घालायला शिकलो, म्हणजे तो फोनवरून सांगायचा आणि मी घालायचो, आणि तो प्रत्येक वाक्याआधी "मेन बंद केलास मरे?" असं विचारायचा म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे. त्यानंतर दीड वर्ष एका छापखान्यात रात्रीचा प्रूफरीडर. मग आताचं हे, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं. इथे माझं पद आहे 'एक्झिक्युटिव्ह'. कशाचा ते कार्डावर नाही, आणि विचारायची सोय नाही कारण विचारलं की आणखी एखादं काम मिळतं.

बाबांचं माझ्याबद्दलचं मत पाच शब्दांत आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. ते नेटवर कोणीतरी लिहितं ना, की याच चिंध्यांची ऊबदार गोधडी होते वगैरे, तो माणूस पावसाळ्यात गोव्यात राहिलेला नाही. जुलैत इथे कपाटातल्या गोधडीला पांढरी बुरशी येते आणि ती उन्हात घालावी तर ऊन नाही.

बाबांना मी सरकारी नोकरीत जायला हवा होतो. मी एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं की बाबा, सरकारात सगळं करणाऱ्यांच्या दोनच जाती आहेत. एक आयएएस, आज मत्स्योद्योग, उद्या वीज, परवा कला-संस्कृती, कोणी विचारत नाही तुम्हाला बांगड्यातलं काय कळतं म्हणून. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचा बेसिक ५६,१००. आणि दुसरी एमटीएस, मल्टि टास्किंग स्टाफ, फायल न्या, झेरॉक्स काढा, टेबल पुसा, कुलूप लावा. बेसिक १८,०००. मधले सगळे आपापल्या विषयातले. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग तू एमटीएसचा फॉर्म तरी भरायचास."

या सगळ्याची वार्षिक परीक्षा म्हणजे चवथ, आमची गणेश चतुर्थी. मूळ घरात सगळे जमतात आणि जमलेले सगळे काहीतरी नेमके असतात. आमचा दादा पुण्याला डोळ्यांचा डॉक्टर, पण अख्ख्या डोळ्याचा नाही, फक्त पडद्याचा. आजी दरवर्षी त्याच्यासमोर चष्मा धरते आणि तो दरवर्षी, "आजी, नंबरचं माझ्याकडे नाही गो," असं म्हणतो आणि त्यामुळे त्याची किंमत आणखी वाढते. मी जर म्हटलं की हे माझं काम नाही तर मला जेवायला वाढणार नाहीत. धाकटा चुलतभाऊ इंजिनियर, मोठमोठ्या टॉवरच्या लाइनी असतात ना, ४०० केव्हीच्या, त्यातला. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, बांधायची वेळ आली की दोघं फोटो काढतात. मी स्टुलावर. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, कवंडळ, एकेक खालून येतंय आणि वर बांधायचं, आणि खालून पाच जण डावीकडे-उजवीकडे सांगतायत. चिबडाची गाठ सुटली तर तो थेट गणपतीच्या डोक्यात, म्हणून तो मीच बांधायचा असा घरात ठराव आहे. आरतीला घुमट वाजवायला कोणी कमी पडलं तरी मीच.

काकांना माझी दया येते. ते मराठीचे मास्तर, आता रिटायर. यंदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, कोसंबी बघ." म्हणजे दामोदर कोसंबी, १९०७ मध्ये आपल्या गोव्यात जन्मले, मूळचे गणिती, पण जुनी नाणी तराजूत तोलून ती किती हातांतून गेली असतील त्याचा हिशेब मांडला, १९४४ मध्ये जनुकशास्त्राला सूत्र दिलं ते आजही त्यांच्याच नावाने चालतं, भर्तृहरीची सुभाषितं तपासून काढली, शिवाय इतिहास. "एका विषयात बसले असते तर?" काका म्हणाले. काकांचं मन मोठं आहे, पण मी म्हटलं, काका, ते नाणी मोजायचे तेव्हा इतिहास निघायचा, मी हॉटेलात कॅश मोजायचो तेव्हा ४० रुपये कमी निघायचे आणि ते माझ्या पगारातून जायचे. काका म्हणाले, "हां, तेही खरं."

संध्याकाळच्या आरतीला ऐन रंगात लाइट गेली. शेजाऱ्यांची होती, आमचीच गेली, म्हणजे सगळ्या माळा एकाच बोर्डावर लावल्याचा परिणाम (माळा मीच लावल्या होत्या, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मी बोललो नाही). सगळ्यांनी ४०० केव्हीकडे बघितलं. तो गंभीरपणे बोर्डापर्यंत गेला, समईच्या उजेडात त्या फ्यूजच्या पोर्सेलीनच्या जुन्या कटआउटकडे बघितलं आणि म्हणाला, "हे आमच्यात येत नाही. हे फारच लो व्होल्टेज आहे." आणि मग काकीने मला हाक मारली.

मेन बंद केला. परत स्टुलावर, कटआउट ओढून काढला, जळकी तार सोडवली, नवीन तार एका स्क्रूला गुंडाळून दुसरीकडे नेत होतो, दोन्ही हात अडकलेले, दातांत बॅटरी धरलेली, वर माटोळीचा एक आंबाडा कानाला टेकतोय. खाली काकांचे कोणी जुने मित्र दर्शनाला आलेले, ते अंधारात बाकावर निवांत बसले आणि वर बघून प्रेमाने म्हणाले, "काय रे बाळा, तू काय करतोस सध्या?"

तोंडात बॅटरी होती म्हणून वाचलो.