एल निनो आला म्हणजे दुष्काळ पक्का? असं नसतं हो

दरवर्षी एप्रिलच्या आसपास एक मेसेज फिरायला लागतो, "यंदा एल निनो येणार, मराठवाड्यात दुष्काळ पक्का, पेरणीत पैसे घालू नका. एल निनो नसला की निर्धास्त राहा. शेवटी दुष्काळ निसर्गाच्या हातात." एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त गरम होणं, त्याने आपला पावसाळा कमजोर पडू शकतो. लोक हा मेसेज वाचून खरंच बियाणं घ्यायचं की नाही ते ठरवतात म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"दुष्काळ पक्का". १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक, तरी देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. तेव्हा हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग जास्त गरम होता आणि इंडोनेशियाकडचा थंड, यालाच पॉझिटिव्ह आयओडी (इंडियन ओशन डायपोल) म्हणतात, त्याने बरंच सावरून घेतलं असं शास्त्रज्ञ मानतात. उलट २००२ चा एल निनो त्याच्यापेक्षा कितीतरी कमजोर आणि पाऊस ८१ टक्क्यांवर अडकला. धोका वाढतो हे खरंच आहे, २००९ आणि २०१५ ला आपण भोगलंय, पण धोका वाढणं वेगळं आणि पक्कं असणं वेगळं. त्यात मार्च-एप्रिलमध्ये केलेला एल निनोचा अंदाज वर्षातला सगळ्यात कच्चा असतो. पेरणी करायची की नाही हे मेसेजवर नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन रानात ओल किती खोल गेली त्यावर ठरवा.

"नसला की निर्धास्त". मग २०१२ चं काय? एल निनो नव्हता आणि जालना, बीडकडे पुढच्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत नेऊन बांधावी लागली. २०१८ ला ऑक्टोबर संपता संपता सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तेव्हा एल निनोची अधिकृत घोषणासुद्धा झाली नव्हती, ती झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये.

आणि मेसेजमध्ये ज्याचं नावच नाही तो म्हणजे पावसाचा खंड, ऐन हंगामात पाऊस मध्येच बरेच दिवस गायब होणं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, तरी हंगामाची बेरीज ९४ टक्के, कागदावर काही फार वाईट दिसत नाही. पण सोयाबीन नेमकं तेव्हाच फुलात आणि कोवळ्या शेंगांत असतं, हलक्या मुरमाड रानात ओल आठ-दहा दिवससुद्धा धरत नाही, फुलं गळाली की मग सप्टेंबरात कितीही कोसळला तरी शेंगा परत लागत नाहीत.

राहिलं "निसर्गाच्या हातात". सह्याद्री ढग अडवतो, महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि खाली वाईत त्याचा छोटासा हिस्सा, मराठवाडा तर अजून आत, तिथपर्यंत निसर्ग मान्य. पण एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते फक्त आभाळामुळे? मांजरा खोऱ्यात वर्षानुवर्षं ऊस वाढत गेला, बोअर खोल खोल जात राहिले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच लातूरात पूर आला.