बॉनेट एवढं लांब कशासाठी?

काल रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. मजकूर काही नाही, नुसतं एक चित्र आणि खाली तीन रडके चेहरे. जॅग्वारची जी चारदारी इलेक्ट्रिक गाडी यायची आहे, तिचं कुणीतरी संगणकावर बनवलेलं चित्र. मी चष्मा शोधला, चित्र मोठं केलं. मागच्या दाराची फट थेट चाकाच्या मध्यावर उतरत होती. म्हणजे दार उघडायचं तर चाकानेही सोबत यायला हवं.

"हे खोटं आहे रे," मी कळवलं.

"माहितीय गं मावशी. पण अशीच निघाली तर?"

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. गाडी अजून समोर यायची आहे आणि आमच्या घरात तिच्यावरून दोनदा अबोला झालेला आहे. मला यात लाज वाटत नाही. गाडी विकत घेण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे मत द्यायला मी पूर्ण मोकळी आहे.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जॅग्वारने नवं बोधचिन्ह आणि अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात आणली. जाहिरातीत रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं होती, गाडी नव्हतीच. 'तुम्ही गाड्या विकता का?' असं इलॉन मस्कने जाहीरपणे विचारून घेतलं. मग डिसेंबरच्या सुरुवातीला मायामीत 'टाइप ००' ही कॉन्सेप्ट गाडी, म्हणजे विकायची नसून नुसती दाखवायची गाडी, आणली, एक गुलाबी आणि एक निळी. दोन दारं, अफाट लांब बॉनेट, २३ इंची चाकं आणि मागे काचच नाही. आत गाडीच्या मधोमध ३.२ मीटर लांबीची पितळी पट्टी, खाली ट्रॅव्हर्टाइन दगड. विक्रीला येणारी गाडी मात्र चार दारांची असणार, आणि एका चार्जमध्ये युरोपीय चाचणीच्या हिशेबाने ७७० किलोमीटरपर्यंत जाईल असं कंपनीने सांगितलं आहे. त्या गाडीला आम्ही आजवर पाहिलंय ते अंगभर नक्षीचं वेष्टन चढवलेलं.

या नक्षीची गंमत असते. काळ्या-पांढऱ्या वळणावळणांची ती फिल्म डोळ्याला पत्र्यावरचे उंचसखल भाग कळू देत नाही. तिच्याखाली काही ठिकाणी फोम आणि प्लॅस्टिकचे खोटे तुकडे चिकटवतात, दिव्यांच्या जागी भलतेच दिवे लावतात. पूर्वी अशा गाड्यांचे फोटो मिळवायला छायाचित्रकार चाचणीच्या रस्त्यांवर झुडपांत दबा धरून बसायचे. या गाडीचे वेष्टनातले फोटो कंपनीने स्वतःच वाटले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे त्यांनाही कळतं.

पण वेष्टनाखाली झाकता येत नाहीत अशा काही गोष्टी असतात, आणि माझा सगळा जीव त्यांच्यातच असतो. ग्रिल कसं असेल, दिवे किती बारीक असतील यावर लोक तासन्‌तास भांडतात. अहो, ग्रिल तीन-चार वर्षांत फेसलिफ्टला, म्हणजे गाडीचा चेहरामोहरा ताजा करताना, बदलतं. चाकं कुठे बसवली, छप्पर किती खाली आणलं, पुढच्या चाकापासून दार किती लांब ठेवलं, हे गाडीचं ते मॉडेल बंद होईपर्यंत बदलत नाही. ते हाडात असतं. गाडीचं चित्र काढायला शिकवताना दोन चाकांच्या मधल्या जागेत तशीच आणखी किती चाकं मावतील, ते मोजायला सांगतात. बहुतेक गाड्यांत साधारण तीन मावतात. मी फोटो लॅपटॉपवर घेते आणि खरोखरची प्लॅस्टिकची पट्टी पडद्याला लावते. भाचा म्हणतो, मावशी, यासाठी अ‍ॅप असतं. असू दे.

तर पट्टी लावल्यावर डोळ्यात भरतं ते बॉनेट. पुढच्या चाकाचा मध्य आणि दाराची पुढची कड यांच्यात एवढं अंतर आहे की तिथे एखादा माणूस आडवा झोपेल असं वाटतं. आणि इथेच माझं घोडं अडतं.

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारचीच ई-टाइप ही स्पोर्ट्स कार आली, तेव्हा तिचंही बॉनेट असंच लांब होतं. पण त्याला कारण होतं. आत ३.८ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन उभं बसवलेलं होतं. त्याला जागा हवी म्हणून बॉनेट लांब, त्याचा माथा लागू नये म्हणून वर तो फुगवटा. उघडायचं म्हटलं तर गाडीचा सगळा पुढचा भागच पुढे कलायचा. म्हणजे सौंदर्य वगैरे आपण म्हणतो, पण त्याखाली लोखंडाचा एक वजनदार तुकडा होता आणि आकार त्याच्या मापाने बेतलेला होता. इलेक्ट्रिक गाडीत पुढे काय असतं? चाकांच्या मध्ये मावणारी मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक्स. बॅटरी तर बहुतेक गाड्यांत पायाखाली पसरलेली असते. मग पुढे एवढा पसारा कुणासाठी?

हा प्रश्न माझा नाही, खुद्द जॅग्वारचाच आहे. २०१८ मध्ये त्यांनी आय-पेस ही इलेक्ट्रिक गाडी आणली. तेव्हा इयन कॅलम हे त्यांचे मुख्य डिझायनर. इंजिन नाही तर लांब नाक नको, असा त्या गाडीचा साधा सरळ युक्तिवाद होता: बॉनेट आखूड, माणसांची बैठक पुढे सरकवलेली, चाकं टोकांना, आत जागा ऐसपैस. २०१९ मध्ये जगातली सर्वोत्तम गाडी, सर्वोत्तम डिझाइन आणि सर्वोत्तम हरित गाडी, असे तिन्ही वर्ल्ड कार पुरस्कार तिने एका फटक्यात नेले. आणि सहा वर्षांनी त्याच घराने नेमकं उलटं टोक दाखवलं. आधीचं चूक होतं की आताचं, हे कुणीतरी सांगायला नको का?

भाच्याचं उत्तर तयार असतं. "मावशी, आय-पेस लोकांना कळली, आवडली आणि त्यांनी दुसरीच गाडी घेतली." यात तथ्य आहे, नाकारत नाही. हवा कापायची, बॅटरी मावायला हवी, जागा हवी, असा सगळा हिशेब प्रामाणिकपणे केला की इलेक्ट्रिक गाड्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसायला लागतात. पाण्यात घासलेल्या गोट्यांसारख्या. फार महागड्या गाडीला हे परवडत नाही. तिला लांबून ओळखू यावं लागतं. रोल्स-रॉइसने स्पेक्टर ही आपली इलेक्ट्रिक गाडी काढली तेव्हा बॉनेट कुठे आखूड केलं? जागा वाया घालवता येणं हीच तर तिथली ऐपत.

आता कबुली. मला ते लांब बॉनेट आवडतं. नाटकी आहे हे समजून आवडतं. फक्त त्याची किंमत मागच्या सीटवरचा माणूस मोजणार असेल तर मला बोलायचं आहे. गाडी बुटकी ठेवायची, बॅटरी जमिनीत घालायची आणि लांबीचा मोठा वाटा नाकाला द्यायचा. मग मागच्याचे पाय जायचे कुठे? जमीन वर आली की गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. पोर्शाने टायकान या आपल्या इलेक्ट्रिक गाडीत यावर एक सुरेख तोडगा काढला होता. मागच्या प्रवाशांच्या पायांशी बॅटरीत चक्क खळगा ठेवला, म्हणजे तेवढ्या जागेत बॅटरीच नाही. त्याला ते पायांचं गॅरेज म्हणतात. असलं काही जॅग्वारने केलं आहे का, हे मला ग्रिलपेक्षा शंभर पटींनी जास्त जाणून घ्यायचं आहे. ते कुठल्याही चोरट्या फोटोत दिसत नाही, हीच पंचाईत.

बाकी लोकांच्या संतापाचं म्हणाल, तर या कंपनीला तो नवा नाही. त्यांच्या एक्सजे या मोठ्या चारदारी गाडीचाच इतिहास बघा. १९६८ ला पहिली एक्सजे आली, ती कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांच्या नजरेखाली घडलेली. चार गोल दिवे, त्यांच्यामागे बॉनेटवर उमटलेल्या लाटा, कमी उंचीचं छप्पर. १९८६ मध्ये तिची वारस आली आणि महागड्या आवृत्त्यांवर चौकोनी दिवे बसले. कुरकुर झाली. १९९४ मध्ये गोल दिवे परत. २००३ ची गाडी तर आतून सगळीच नवी: अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, विमानासारखा रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडलेला. पण बाहेरून बघणाऱ्याला ती ३५ वर्षांपूर्वीचीच वाटायची. तेव्हा बोलणी बसली ती काहीच बदललं नाही म्हणून. मग २००९ मध्ये कॅलम यांनी सगळं मोडून नवं केलं, उभे मागचे दिवे मांजराच्या नखांच्या ओरखड्यांसारखे, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना काळे खांब. आता बोलणी बसली ती सगळंच बदललं म्हणून.

त्या काळ्या खांबांना हसणाऱ्यांत मी होते. काच फुटली म्हणून पुठ्ठा लावलाय, असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. तीच गाडी आज रस्त्यात दिसली तर ती वळेपर्यंत मी मान वळवून बघते. २०२१ मध्ये तर कहरच झाला. इलेक्ट्रिक एक्सजे जवळजवळ तयार होती, वेष्टनातले तिचे फोटो आम्ही महिनोन्‌महिने चघळले होते, आणि फेब्रुवारीत कंपनीने ती रद्द केली. म्हणजे जिच्या दिव्यांवरून आम्ही एवढे भांडलो ती गाडी कुणी उघडी पाहिलीच नाही.

२००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजचंही असंच. डिकीचं झाकण जणू दुसऱ्या गाडीचं आणून वर ठेवलंय, म्हणून लोक एवढे खवळले की डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल यांना काढा, अशी याचिका इंटरनेटवर फिरली. प्रत्यक्षात बाह्यरूप रेखाटलं होतं आद्रियान फान होयडोंक यांनी, पण शिव्या खाल्ल्या बँगलनी. पुढे काही वर्षांत तसल्याच उंच डिक्या इतरांच्या गाड्यांवर दिसू लागल्या.

पण याचा अर्थ सगळं गोड मानून घ्यायचं, असा नाही. मागची काच हा माझा दुसरा मुद्दा, आणि इथे मी ऐकणार नाही.

काच नसली तर कॅमेरा आणि आरशाच्या जागी पडदा. पोलस्टार ४ या इलेक्ट्रिक गाडीने हे आधीच केलं आहे, त्यामुळे होणार नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. वरवर पाहता फायदेच. मागे बसलेल्यांची डोकी मध्ये येत नाहीत, पावसात काच पुसावी लागत नाही, रात्री मागच्याचे दिवे डोळ्यात घुसत नाहीत. पण मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. एका मैत्रिणीच्या गाडीत असा पडदा आहे, तिने एकदा चालवायला दिली. रस्ता स्वच्छ दिसत होता. वर आरशाकडे नजर टाकली तर सगळं लोण्यासारखं धूसर. कारण साध्या आरशात मागची गाडी जितकी दूर असते तितक्या दुरूनच तिचा प्रकाश येतो, डोळ्याला फोकस बदलावा लागत नाही. पडदा मात्र हातभर अंतरावर असतो. त्याच्याकडे बघायचं तर पुस्तक वाचायचे डोळे हवेत. मग मी चष्म्याच्या खालच्या अर्ध्यातून बघायला हनुवटी वर केली, तेवढ्यात समोरचा रस्ता धूसर. कोंबडी पाणी पिते तशी मी दहा मिनिटं मान वर-खाली करत होते. शेवटी गाडी बाजूला घेऊन किल्ली परत दिली.

आणि मला सांगा, एवढ्या उंची गाड्या घेणारी माणसं सहसा कुठल्या वयाची असतात? पंचविशीतली? चाळिशीवाल्यांनाच विकायची गाडी आणि तिच्यात चाळिशीला न दिसणारा आरसा! डिझाइनच्या बैठकीत एकाचाही चष्मा दुहेरी भिंगाचा नव्हता का?

तर माझे अंदाज लिहून ठेवते, नंतर कुणी नाकारायला नको. कॉन्सेप्टवरची वर उघडणारी पंखासारखी दारं येणार नाहीत, साधीच येतील. पितळी पट्टी राहील, पण बरीच आखूड होऊन. दगड जाणार, वजनामुळे आणि थंडीत त्याला कोण हात लावणार म्हणून. चाकं २३ इंचीच ठेवतील, कारण ती लहान केली की ते नाक एकदम बोजड दिसेल. मग खड्ड्यात काय होईल ते सस्पेन्शनवाल्यांनी बघावं. गुलाबी रंग यादीत असेल आणि फार कमी लोक तो घेतील. मागची काच नसेल. हा अंदाज चुकला तर मला आनंदच आहे.

भाच्याचा अंदाज वेगळा. त्याच्या मते वेष्टन उतरलं की बॉनेट फोटोत वाटतं त्याहून आखूड निघेल, पुढे फोम भरून त्यांनी आपल्याला फसवलंय. मी म्हटलं, फोमने उंची फसवता येते, चाकाची जागा कशी फसवशील? यावर पैज लागली आहे. त्या फोटोची छापील प्रत काढून मी तिच्यावर पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या, एक चाकाच्या मध्यावर, एक दाराच्या कडेवर, आणि त्यांच्यातलं अंतर चाकाच्या मापात कोपऱ्यात लिहून ठेवलं. कागद फ्रिजला चिकटवलाय. आज दुपारी भाचा येऊन गेला. बघते तर खालच्या कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: 'पट्टी वाकडी धरली होती.'