वडिलांची हेरल्ड: जपायची, सजवायची की चालवायची?

आमच्याकडे वडिलांची १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आहे, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्ड मोटारीची भारतीय आवृत्ती. काटेकोरपणे पाहिले तर ती स्पोर्ट्स कार नव्हे; परंतु ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली ती हेरल्डचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून, त्यामुळे नात्याने ती स्पोर्ट्स कारची थोरली बहीण लागते. यंदा इंजिन उघडायची वेळ आली आणि घरात वाद सुरू झाला.

धाकट्या भावाला गाडी सांगाड्यापर्यंत सोडवून नवा रंग हवा होता. मिस्त्रींच्या मते छोट्या मारुतीचे इंजिन आणि पाच गिअर बसवले की पुण्यापर्यंत निर्धास्त जाता येईल. मिस्त्रींना मी नकार दिला तो केवळ मायेपोटी नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. ९४८ सीसीचे इंजिन भंगारात गेले की तो मार्गच संपला. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणून तूर्त मी नेहमीचीच नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे.

रंगालाही मी हात लावू दिला नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेमुळे चासी अजून शाबूत आहे, आणि डाव्या दाराच्या हँडलखाली आईच्या बांगड्यांनी पडलेले बारीक चरे कोणताही रंगारी पुन्हा काढून देणार नाही.

झिजणाऱ्या वस्तूंबाबत मात्र मी अजिबात हळवा नाही. ब्रेक शू, होज, टायर सगळे नवे घातले. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुने रबर टिकत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही बदलला. (आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचा ऊस शेवटी आपल्याच पाइपांवर उठतो, याची गंमत वाटते.) मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की पेट्रोल पाइपातच उकळते आणि गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला हटून बसते, त्यासाठी विजेचा पंखा लावला, पण मूळ भागात एकही नवे भोक न पाडता, म्हणजे उद्या कोणाला नको असल्यास तो काढून ठेवता येईल.

मूळची मागची स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारे अर्धे आस, तशीच ठेवली आहे, जरी ती थोडी लबाड असली तरी. वळणात वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलला की मागची चाके आत दुमडू पाहतात. तुळजापूरच्या घाटात वडील मला सांगत, "वेग वळणाआधी कमी कर, वळणात नव्हे." ते का, हे मला गाडी झाकून ठेवून कधीच कळले नसते. आता दर रविवारी पहाटे मी मुलीला शेजारी बसवून त्याच घाटात जातो आणि ऊन चढायच्या आत परततो. पुढच्या वर्षी तिला परवाना मिळाला की जागा बदलायच्या, असे ठरले आहे.