गच्चीवरील विमान आणि रिव्हेटचे काम
कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर उभारलेल्या विमानावरील तुम्ही प्रसिद्ध केलेला लेख मनापासून आवडला. मात्र रिव्हेटने, म्हणजे पत्रे कायमचे जोडणाऱ्या खिळ्यासारख्या धातूच्या पिनेने, पत्रे जोडण्याचे काम त्यात एका वाक्यात उरकले आहे, याची रुखरुख वाटते. अशा कामाचे खरे कसब तिथेच असते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ड्रिलने छिद्र पाडल्यावर काठावर राहिलेला बारीक खरबरीतपणा काढला नाही, तर पुढे तिथूनच तडा जाण्याचा धोका असतो. मागून बकिंग बार (रिव्हेटच्या टोकाला टेकवायचा धातूचा जड ठोकळा) घट्ट धरून रिव्हेट ठोकला, की त्याचे दबलेले टोक रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्म्या व्यासाइतके उंच भरले पाहिजे. नाहीतर तो काळजीपूर्वक काढून नवा बसवावा लागतो, आणि त्या खटाटोपात छिद्र मोठे झाले, तर जाड रिव्हेट घ्यावा लागतो. लेखकांनी पुढील भागात याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.