ब्यॉर्नसन यांनी स्वतःला नोबेल दिलं नव्हतं

परवा भाचीच्या वहीत निळ्या शाईनं लिहिलेलं एक वाक्य दिसलं, खाली दोन रेघा मारलेल्या : ‘नॉर्वेच्या एका संपादकानं नोबेल समितीत बसून १९०३ चं साहित्याचं नोबेल स्वतःलाच घेतलं.’ वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालली होती. कुठून आणलंस विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून. हाच मजकूर महिन्याभरात मला तीन ग्रुपवर आलाय. आता पोरं तो व्यासपीठावरून म्हणणार असतील तर गप्प बसवत नाही.

हे संपादक म्हणजे ब्यॉर्नस्टियर्न ब्यॉर्नसन. १९०३ चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं आणि ते नोबेल समितीत होते, १९०१ ते १९०६, हे खरं. पण कुठल्या समितीत? आल्फ्रेड नोबेल यांचं २७ नोव्हेंबर १८९५ चं मृत्युपत्र उघडून बघा, नेटवर सहज मिळतं. शांततेचं पारितोषिक नॉर्वेच्या संसदेनं निवडलेल्या पाच जणांनी द्यायचं आणि साहित्याचं स्टॉकहोमच्या अकादमीनं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ब्यॉर्नसन त्या पाच जणांत होते. त्यांच्या समितीनं १९०३ चं पारितोषिक दिलं इंग्लंडच्या रँडल क्रेमर यांना. साहित्याचा निर्णय दुसऱ्या देशात, दुसऱ्या माणसांनी घेतला, आणि ती माणसं स्वीडिश होती. तेव्हा दोन्ही देशांचा राजा एक, पण संबंध इतके ताणलेले की १९०५ मध्ये नॉर्वे वेगळा झालाच. नॉर्वेच्या वेगळ्या झेंड्यासाठी ब्यॉर्नसन कित्येक वर्षं भांडत आले होते. अशा माणसाला स्वीडिश अकादमीनं आपल्या मतपेटीत हात घालू दिला असता का?

त्याच मजकुरात पुढे म्हटलंय, ‘इब्सेनला त्यांनीच अडवलं.’ नॉर्वेचेच नाटककार इब्सेन यांना नोबेल मिळालं नाही, आणि तो अन्यायच झाला, हे मान्य. दोघांचं बिनसलंही होतं. इब्सेनच्या १८६९ च्या नाटकातला संधिसाधू पुढारी आपल्यावरूनच बेतलाय, असं ब्यॉर्नसनना वाटलं. पण पुढे समेट झाला. १८९२ मध्ये ब्यॉर्नसन यांची मुलगी बर्गलियोट इब्सेनच्या मुलाशी, सिगुर्डशी, लग्न करून त्या घरात गेली. नोबेल सुरू झालं तेव्हा हे दोघे एकमेकांचे व्याही होते! आणि साहित्याच्या निवडीत ब्यॉर्नसनना मतच नव्हतं, तर अडवणार कशानं?

मजकुरातला आणखी एक आरोप : ‘नुसता पेपरवाला, एक राष्ट्रगीत सोडलं तर काही लिहिलं नाही.’ ‘सिनव्ह सोलबाक्कन’ ही शेतकरी जीवनावरची कथा १८५७ ची. ‘दिवाळं’ आणि ‘संपादक’ अशा अर्थाच्या नावांची दोन नाटकं १८७५ ची. यादी खूप लांब आहे.

आणि पेपरवाला ही शिवी कधीपासून झाली? बर्गनच्या ‘बर्गेन्सपोस्टेन’चं संपादन त्यांनी पंचविशीत हाती घेतलं. १९०७ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, हंगेरीत स्लोव्हाक मुलांवर शाळांतून हंगेरियन लादली जात होती, तेव्हा हा म्हातारा युरोपभरच्या वर्तमानपत्रांतून मंत्री आपोन्यी यांच्याविरुद्ध लिहीत होता. तिथे ना त्याचा देश होता, ना त्याची भाषा.

हा मजकूर तुमच्या ग्रुपवर आला, तर खाली मृत्युपत्रातली ती दोन कलमं चिकटवा. भाचीच्या वहीत मी तेच केलंय.