दीड दिवसाच्या पाहुण्यांसाठी कोल्हापूर

कोल्हापूर बघायला यायचं ठरवलंत, झकास केलंत. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरायचं आणि रविवारी रात्री तीच गाडी पकडून मुंबईला परत. मधला दीड दिवस भरपूर झाला. गणपती दीड दिवसात पाहुणचार आटोपून जातो, त्याला कधी 'घर नीट बघायचं राहिलं' म्हणताना ऐकलंय का कुणी?

फक्त एक करा. मत घरूनच घेऊन या. इथं येऊन मत बनवायचं म्हटलं तर चार दिवस जातील आणि लॉजचं भाडं वाढेल. 'रांगडं', 'झणझणीत' आणि 'दिलदार' हे तीन शब्द पिशवीत टाकले की तयारी झाली. जे दिसेल ते यातल्या एकात कोंबायचं. हळू आवाजात बोलणारा, तिखट न सोसणारा, तुमच्या चहाचे पैसे न देणारा कोल्हापूरकर भेटलाच, तर तो सांगलीचा असणार असं समजून पुढं व्हावं. (असे अकरा-बारा जण माझ्या माहितीत आहेत. त्यातला एक मी.)

सुरुवात अर्थातच मिसळीनं. बसल्याबसल्या पाव मागा. समोर स्लाइस ब्रेड येईल. मग चेहरा पाडून म्हणा, "पाव नाही? मिसळ आणि ब्रेड?" जणू तुमच्या लग्नात कुणी नवरा बदलला. इथं मिसळ ब्रेडबरोबरच खातात, कारण कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पिऊन घ्यायला स्लाइस बरा पडतो, हे पोऱ्या तुम्हाला सांगणार नाही. त्याला अजून सहा टेबलं बघायची असतात. कट दुसऱ्यांदा आला की फोन काढा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चमचा आत-बाहेर करा आणि शेजारच्या टेबलावरच्या आजी तोच कट वाटीनं पीत असतील तर त्या फ्रेममध्ये येणार नाहीत एवढं बघा.

दुपारी व्हेज कोल्हापुरी मागवा. हा पदार्थ पुण्यात मिळतो, दिल्लीत मिळतो, दुबईतही मिळत असेल. कोल्हापुरातल्या कुठल्या घरात कधी शिजल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. तरी हॉटेलवाल्यांनी आता तो मेनूकार्डावर घातलाय. पाहुणा एवढ्या लांबून स्वतःच्या गावचं जेवण जेवायला येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? मटण खाणारे असाल तर पांढऱ्या रश्श्याकडं दुर्लक्ष करा. नारळाचं दूध, तीळ, खसखस असला सौम्य प्रकार आहे तो, पिशवीतल्या तीन शब्दांपैकी एकातही बसत नाही. तांबड्यावर या, आणि त्यावरही वरून चटणी मागून घ्या.

चटणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खोबऱ्याची ओली चटणी येईल. इथं चटणी म्हणजे डब्यातलं लाल तिखट, कांदा-लसूण घातलेलं. एप्रिल-मे महिन्यात गल्लीतली सगळी घरं एकदम शिंकायला लागली की समजायचं, चटणीचे दिवस आले. माझी आत्या दरवर्षी कांडपाच्या दारात सकाळी सातला स्टीलचा डबा ठेवून नंबर लावते. ब्याडगी रंगाला, जवारी तिखटाला, सुकं खोबरं, लसणाचे गड्डे, भाजलेला मसाला, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत. नंबर आला की नाकावर पदर धरून तिथंच उभी राहते, हलत नाही. डोळे गळतायत, खोकला थांबत नाही, तरी उभी. कारण नजर हटली की आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळते, अशी तिची खात्री आहे. संध्याकाळी तिच्या चटणीचा रंग शेजारीण चिमटीत घेऊन बघते आणि "बरी झालीया" म्हणते. त्या 'बरी'वर घरात दोन दिवस चर्चा होते. पण मे महिन्यात तुम्ही येऊ नका. ऊन फार असतं आणि या सगळ्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

भाषेचं तसं सोपं आहे. 'नाद खुळा' आणि 'विषय हार्ड' एवढं येत असलं की कोल्हापुरी आली. रिक्षात बसताना 'नाद खुळा', उतरताना 'नाद खुळा', देवळात अंबाबाईसमोर हात जोडून झाल्यावर पुजाऱ्यालाही 'नाद खुळा'. पुढची पायरी म्हणजे इथल्या बायकांचं व्याकरण सुधारणं. कोल्हापुरात बाई 'मी येते' म्हणत नाही, 'मी येतो' म्हणते, आणि त्यात तिचं काही अडत नाही. आमच्याकडं एकदा पुण्याचे एक पाहुणे आले होते. माझी आत्येबहीण मंडईतून आली आणि पिशवी ठेवत म्हणाली, "आलो बाई एकदाचा." पाहुण्यांना राहवेना. "आलो नाही, आले," ते म्हणाले. ती म्हणाली, "आलं नाही आणलो काका, लई महाग हाय. कोथिंबीर आणलो." पाहुण्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय ते अजून कळलेलं नाही.

गाव फिरताना फोनमधल्या बाईवर पूर्ण विसंबून राहा. ती 'ताराराणी चौक' म्हणेल आणि रस्त्यावर विचाराल तो माणूस 'कावळा नाका' म्हणेल. दोन्ही एकच. पण हे कळेपर्यंत तुम्ही दोन फेऱ्या मारलेल्या असतील. इथं तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी, पापाची तिकटी. पापाच्या तिकटीवर थांबून 'पाप कुणी केलं होतं?' असं जरूर विचारा, तिथल्या लोकांना हा प्रश्न अगदी नवा वाटेल. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर असल्यानं तुम्हाला हुरूप येईल. तोही फार टिकू देऊ नका.

पत्ता विचारलात की माणूस आधी हातानं सांगतो. "हितनं नाकासमोर जावा, डाव्या हाताला पिंपळ लागंल, तो सोडा." तुम्ही परत विचारता. तो परत सांगतो, या वेळी पिंपळाआधी एक दवाखाना घालतो. तिसऱ्यांदा विचारलंत की तो गाडीला किक मारतो. "माझ्या मागनं या." आणि तुम्हाला दारात सोडून येतो. इथं 'दिलदार' हा शब्द पिशवीतून काढा. तीनदा समजावून सांगण्यापेक्षा सोडून येणं कमी तापाचं, असा हिशेब त्यानं केला असेल, हे मनात आणायचं नाही.

आता गंगावेशीचा दूध कट्टा. याच्यासाठी वेळ राखून ठेवा, कारण कोल्हापूरला आल्याचा पुरावा म्हणून याहून चांगली जागा नाही. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात. गिऱ्हाईक समोर उभं, धार काढून ग्लास हातात. वर बोटभर फेस, ग्लास कोमट, पिणाऱ्याच्या मिशीला पांढरी कड. तालमीतली पोरं दोन-दोन ग्लास रिचवतात, ऑफिसातून घरी निघालेला माणूस स्कूटर चालू ठेवूनच पितो. तुम्ही मात्र लगेच पिऊ नका. आधी विचारा, "पाश्चराइज्ड आहे का?" मालक म्हणेल, "म्हस हाय." मग उजेड पाठीमागून येतोय अशी तक्रार करा आणि म्हैस जरा या बाजूला वळवता येईल का ते विचारा. एका पाहुण्यानं खरोखर विचारलं होतं. मालक म्हणाला, "वळंल की. पण मग शेपूट तुमच्याकडं."

एवढं होऊनही एक अडचण उरतेच. म्हशीजवळ उकिडवा बसलेला मालक धोतर-फेट्यात नसतो. अंगात अर्जेंटिनाचा जर्सी असतो, दहा नंबरचा, कानात ब्लूटूथ. हे तुमच्या कोल्हापुरात कुठं बसायचं? काही काळजी करू नका. फोटोत त्याला कडेनं कापून टाका. म्हैस, ग्लास, फेस एवढं ठेवा. म्हैस अस्सल दिसते.

तो जर्सी दिसला म्हणून सांगतो, तालमीच्या बाबतीतही अशीच फसगत होईल. तालीम म्हणजे लाल माती आणि लंगोट, हे तुमचं घरून आणलेलं. लाल माती आहे, नाही असं नाही. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदान बांधून घेतलं. १९१२ पासून तिथं कुस्त्या होतात. पण इथल्या पेठांमधून रक्त तापतं ते फुटबॉलनं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉल संघ म्हणून उतरतात. सामन्याच्या दुपारी एका पेठेच्या पोराला दुसऱ्या पेठेत पाहुणचाराला बोलावून बघा. वर्ल्डकपात तर गल्लीच्या तोंडाशी मेस्सीचा फ्लेक्स नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा उंच असतो, आणि इथं यापेक्षा मोठा मान नाही. तुम्ही या भानगडीत पडू नका. मोकळ्या खासबागेत दंड फुगवून फोटो काढा, पाहिजे तर शड्डूही ठोका.

न्यू पॅलेस बघून घ्या, जमलं तर बाहेरूनच. २६ जुलै १९०२ ला याच संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता, पण हुकुमाबरोबर सेल्फी निघत नाही. वाड्याबरोबर निघतो.

चपलांचं थोडक्यात. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं तसलीच सँडल रॅम्पवर चालवली, आधी नाव घेतलं नाही, गदारोळ झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. तेव्हा तुम्हीही फार चिडला होता, पोस्ट टाकली होती. चप्पल लाइनीत आलात की ती पोस्ट दुकानदाराला दाखवा आणि मग पन्नास रुपये कमी करायला सांगा. चप्पल आधी चार दिवस तेल लावून घरातल्या घरात घालायची असते, नाहीतर चावते. तुमच्याकडं चार दिवस कुठून येणार? सरळ घाला आणि रंकाळ्याला चक्कर मारा.

रंकाळ्यावर भेळ खाताना काठावरच्या नंदीची गोष्ट कुणीतरी सांगेल. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. असं करत करत ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल, त्या दिवशी जगबुडी. हसू नका. कोल्हापूरकर या गोष्टीवर विश्वास ठेवतो असं नाही, पण नंदी अजून जागेवर आहे ना, हे जाता-येता एकदा बघून घेतो.

कारण पाण्याचं इथं वेगळं आहे. जुलैच्या पावसात घरातली माणसं जेवणं उरकून 'पाणी बघायला' बाहेर पडतात. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या दगडात मासा कोरलेला आहे. पाणी त्याला टेकलं की गावभर बातमी जाते, मच्छिंद्री झाली. शाळेतलं पोरही राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाठ म्हणतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. या दिवसांत नमस्कार-चमत्कार बंद होतात. एक जण म्हणतो, "साडेएक्केचाळीस." दुसरा म्हणतो, "फुगवटा हाय अजून." आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं. नदीकडच्या भागात काही भिंतींवर ती रेघ अजून दिसते. तुम्हाला दाखवतील. रेघेशेजारी उभं राहून फोटो काढा, उंचीचा अंदाज येतो.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल न येईल. तुम्ही गाव बघत फिरत असता, तेव्हा कट्ट्यावर बसलेली मंडळीही रिकामी नसतात. मिसळीला पाव मागितलेला, म्हशीला वळवायला सांगितलेला, नवी चप्पल हातात घेऊन अनवाणी रंकाळ्यावरून आलेला, एवढं सगळं तुमच्या आधी पेठेत पोचलेलं असतं. तुम्ही समोरून जाल तेव्हा त्यातले एक आजोबा विचारतील, "कुठनं आलायसा? जेवलासा काय?" थांबून उत्तर देऊ नका. दिलंत तर बसावं लागेल, बसलात तर चहा येईल, आणि चहा आला की गाडी गेलीच म्हणून समजा. लांबूनच हात हलवा आणि वहीत 'आपुलकी' असं लिहून ठेवा.

स्टेशनला रिक्षानं जा. सिग्नलला रिक्षावाला मागं वळून विचारेल, "काय काय बघितलासा मग?" मोठ्या खुशीत फोन पुढं करा. तो एकेक फोटो सरकवत जाईल, काही बोलणार नाही. दूध कट्ट्याच्या फोटोवर त्याचं बोट थांबेल. तो फोटो मोठा करेल, डावीकडं सरकवेल, उजवीकडं सरकवेल.

"म्हस आमच्या दाजींची हाय ही," तो म्हणेल. "दाजी कुठं हायत?"

उजेड पाठीमागून येत होता, असं सांगा.